पैलवानाचा खांदा

नवरा तिला पैलवान म्हणायचा. लग्न झालं तेव्हा ती काडीपैलवान होती, फुंकर मारली तर उडेल अशी. नाव पडलं ते नऊ वर्षांपूर्वी, तो विजेच्या खांबावरून पडला त्यानंतर. तो वायरमन होता. कमरेचा पट्टा तुटला, मानेचा मणका मोडला आणि छातीखालचं सगळं अंग गेलं. हात कोपरातून हलायचे, पण बोटं मिटायची नाहीत. जीभ तेवढी शाबूत राहिली. "तेवढी डॉक्टरांच्या नजरेतून सुटली," असं तोच सांगायचा.

त्यांना मूलबाळ नव्हतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत त्याची लोखंडी खाट, खाटेशेजारी चाकांची खुर्ची. ती गल्लीच्या टोकाच्या लाँड्रीत इस्त्रीला होती. तिथे दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरींचे गठ्ठे यायचे. दर दोन तासांनी इस्त्री उभी करून ती घरी यायची, त्याला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायची, लघवीची पिशवी बघायची आणि परत जायची. मालकाने नऊ वर्षांत यावर ब्र काढला नाही, कारण इस्त्रीत तिचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं.

सकाळी खाटेवरून खुर्चीत, खुर्चीवरून न्हाणीघरातल्या स्टुलावर, तिथून परत खुर्चीत, संध्याकाळी परत खाटेवर. आपले गुडघे त्याच्या गुडघ्यांना टेकवायचे, हात त्याच्या काखेखालून घालून पाठीमागे गुंफायचे, एक, दोन, तीन म्हणून उचलायचं आणि वळायचं. तीन म्हणायचं काम त्याचं. अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस. बाकी काही नाही तरी त्याची भूक अगदी ठणठणीत होती.

एका सकाळी न्हाणीघरात ती त्याला उचलत असताना त्याचे पाय ताठ झाले. असे झटके त्याला यायचे. पाय त्याचे नसल्यासारखे आपोआप ताठायचे आणि थरथरायचे. ओल्या फरशीवरून त्याचा पाय सटकला आणि सगळा भार एकदम तिच्या उजव्या हातावर आला. खांद्यात आतल्या आत काहीतरी सुटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी तिने त्याला पडू दिलं नाही. खुर्चीत बसवलं, टॉवेलने पुसलं, मग भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"काय गं?"

"काही नाही. लचक भरली."

ती लचक तीन महिने गेली नाही. हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालता येईना म्हणून तिने केस कापून घेतले. इस्त्री ती डाव्या हाताने करू लागली. फळीवरचा डबा काढायला स्टूल घेऊ लागली. नवऱ्याला मात्र रोज चार वेळा उचलतच होती. शेवटी नवऱ्यानेच दम दिला. "उद्या दवाखान्यात गेली नाहीस तर मी जेवणार नाही." आणि खरंच एक दिवस जेवला नाही.

सर्जन चाळिशीचा, मितभाषी माणूस होता. त्याने तिचा हात हळूच वर नेला आणि म्हणाला, "आता मी सोडतो. तुम्ही धरून ठेवा." त्याने सोडला तसा हात भरलेल्या पिशवीसारखा खाली आला.

"किती दिवस झाले?"

"झाले असतील तीन महिने."

"तीन महिने काय करत होतात?"

"कामं."

एमआरआय झाला. सर्जनने कागदावर पेन्सिलने एक गोळा काढला आणि त्याखाली उथळ बशी. "खांदा म्हणजे बशीत ठेवलेला चेंडू समजा. तो घरंगळू नये म्हणून चार पट्टे त्याला धरून असतात. तुमचे त्यातले दोन हाडापासून उपटलेत. दुर्बिणीतून आत जायचं, हाडात बारीक खिळे बसवायचे आणि खिळ्यांच्या दोऱ्यांनी पट्टे पुन्हा हाडाला बांधायचे. माझं काम दोन तासांचं. पुढचं तुमचं, सहा महिन्यांचं. पहिले सहा आठवडे हात झोळीत. या हाताने चहाचा कपसुद्धा उचलायचा नाही."

"आणि माणूस?"

"कुठला माणूस?"

"अठ्ठ्याहत्तर किलोचा."

सर्जनने पेन्सिल खाली ठेवली. तिने सगळं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, "बाई, एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पट्टा हाडाला धरायला तीन महिने लागतात. त्याआधी जोर पडला आणि तो फाटला, तर दुसऱ्यांदा बांधायला काही हाती लागेलच असं नाही."

नणंदेला बोलावलं. नवऱ्याची मोठी बहीण, चौसष्ट वर्षांची, शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली तरी तिच्यातली हेडबाई निवृत्त झाली नव्हती. दोन बॅगा घेऊन आली आणि पहिल्या दिवशीच भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. साडेसहाला उठणं, पावणेसातला पिशवी, सातला कूस. उचलण्यासाठी सकाळ-संध्याकाळ एक ब्रदर ठरवला. तो सकाळी येऊन त्याला आंघोळ घालून खुर्चीत बसवायचा आणि संध्याकाळी खाटेवर ठेवून जायचा.

"ताई, तास संपल्यावर घंटा कोण देणार?" नवऱ्याने विचारलं.

"तू गप्प बस. पाचवीत असताना वर्गात बोलायचास म्हणून बाकावर उभा केला होता तुला, आठवतंय?"

"आता कर बघू उभा."

ताईला हसावं की रडावं ते कळलं नाही. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा खांद्याला जाड पट्टी होती, आणि उजवा हात उशी लावलेल्या झोळीत होता. मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर केलेला. तिने डाव्या हाताने उजव्याची बोटं चाचपली. गरम होती, मऊ होती, पण दुसऱ्याच कोणाची होती. हलवू म्हटलं तर हलेनात. चिमटा काढला तरी कळेना. तिला एकदम भीती वाटली. याआधी नऊ वर्षं ती त्याचे पाय धूत होती, नखं कापत होती, तेल लावत होती, आणि हे असं असतं हे तिला कधी कळलं नव्हतं.

दुपारी ताईने त्याच्या कानाला फोन लावून दिला.

"पैलवान, कसा आहे हात?"

"आहे. पण माझा वाटत नाही."

नवरा पलीकडून म्हणाला, "येईल उद्यापर्यंत. मलाही असंच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे हात परत आला, आणि त्याच्याबरोबर असं दुखणं आलं की तिने उशीचा अभ्रा दातात धरला.

घरी आल्यावर ती आरामखुर्चीत बसून झोपायची, कारण आडवं झालं की खांदा ठणकायचा. ताई तिला आंघोळ घालायची. नणंदेने पाठीला साबण लावायचा म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "लाजतेस काय? मी काय पाहुणी आहे?" असं म्हणत ताई खसाखसा पाठ घासायची. दोन आठवड्यांनी टाके काढले आणि फिजिओथेरपी सुरू झाली. दवाखान्यातली फिजिओ हसरी, तरुण मुलगी होती. तिने शिकवलं: डाव्या हाताने टेबलाचा आधार घ्यायचा, कमरेत वाकायचं, उजवा हात सैल सोडायचा आणि नुसता झुलू द्यायचा. हाताने काही करायचं नाही, अंग हललं की हात हलतो.

ती घरी व्यायाम करायची तेव्हा नवरा आकडे मोजायचा. "एक... दोन... अगं, जरा जोरात, देवळातली घंटा वाजवायची आहे असं समज."

"जोर लावायचाच नाही, असं सांगितलंय."

"बरं, मग मी जोरात मोजतो."

पाच आठवडे असे गेले. घरात तिघांची भांडणं व्हायची, ती मिठाच्या प्रमाणावरून नाहीतर पंख्याच्या वेगावरून. नवरा खूश होता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याला दिवसभर बोलायला दोन बायका मिळाल्या होत्या. आणि तिचा खांदाही धरत होता. पाचव्या आठवड्याला सर्जनने बघून मान डोलावली, "छान. असंच चालू द्या."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ताई औषधाच्या दुकानात गेली. लघवीची नळी बदलायची होती आणि घरात ती संपली होती. जाण्याआधी तिने त्याची पिशवी रिकामी केली, पँट सरळ केली. त्यासाठी खुर्चीचा कमरेचा पट्टा तिला सोडावा लागला. खुर्चीला दोन पट्टे होते, एक कमरेला आणि एक छातीला. तो पुढे घसरू नये म्हणून कमरेचा आणि वाकू नये म्हणून छातीचा. ताईने पँट नीट केली, हात धुतले, पैशाचं पाकीट शोधलं आणि गेली. कमरेचा पट्टा लावायचा राहिला.

ती स्वयंपाकघरात डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. तो बाहेरून मोबाइलवरच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवत होता. कुठल्या तरी मंत्र्याचा पाय घसरल्याची बातमी होती आणि तो त्यावर स्वतःची पदरची भर घालत होता. मग आवाज थांबला. ती हातातला खडा टाकून वाट पाहत राहिली. तो दम घ्यायला थांबायचा, पण इतका वेळ नाही.

"अहो?"

उत्तर नाही. ती बाहेर आली.

झटका आला होता. पाय ताठ होऊन खुर्चीतून पुढे आले होते आणि त्यांच्यामागून तो सगळाच खाली घसरला होता. छातीचा पट्टा गळ्याशी आला होता. सगळं अंग त्या पट्ट्याला लटकत होतं. तोंड उघडं होतं आणि त्यातून काही निघत नव्हतं. डोळे तिच्याकडे बघत होते.

तिने डाव्या हाताने पट्ट्याची कडी दाबली. कडी त्याच्या हनुवटीखाली रुतली होती आणि वजनाने अशी ताणली होती की उघडेना. पुन्हा दाबली. अंगठ्याचं नख उलटं झालं. कात्री आतल्या खोलीतल्या खणात होती. त्याचे ओठ निळे पडायला लागले. तिने डावा हात त्याच्या काखेत घातला, गुडघा खाली लावला आणि वर ढकलायला गेली. एका बाजूने ढकलल्यामुळे तो तिरका झाला आणि पट्टा आणखी आवळला. दारातून ओरडायचं म्हटलं तरी गल्लीत दुपारी चिटपाखरू नसायचं.

तिने झोळीचा बंद दातांनी ओढला, उजवा हात बाहेर काढला, दोन्ही हात त्याच्या काखेखालून घातले, पाठीमागे गुंफले. एक, दोन म्हणायलाही ती थांबली नाही.

ओली चादर फाटते तसा आवाज आला. लाँड्रीत तो आवाज तिने शेकडो वेळा ऐकला होता. जाड, ओलसर, एकसलग. तो स्वतःच्या अंगातून आला हे तिला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की नवरा वर आला, पट्टा सैल झाला आणि डाव्या हाताने दाबल्यावर कडी उघडली. मग हातातलं बळच गेलं आणि दोघं फरशीवर कोसळली, ती खाली आणि तो तिच्या अंगावर.

तो आधी नुसता घरघरला. मग खोकला. त्याचा खोकला नेहमीच दुबळा असायचा. तिने डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थापटलं. रंग परत यायला बराच वेळ लागला. गळ्यावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता.

"हात?" त्याने पहिला शब्द उच्चारला.

"काही नाही झालं."

"पैलवान, हात?"

"म्हटलं ना, डाव्यानेच उचललं. उजवा नुसता टेकवला."

ताई परत येईपर्यंत ती त्याच्याखालून सरपटत बाहेर निघाली होती आणि तिने हात झोळीत घालून बंद बांधला होता. तेवढ्यानेही तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. ताई दारातच किंचाळली. मग शेजाऱ्याला बोलावलं, ब्रदरला फोन केला, त्याला खाटेवर घेतलं. त्या गडबडीत तिच्याकडे कोणी नीट पाहिलं नाही, आणि तिला तेच हवं होतं.

तिने कोणाला काही सांगितलं नाही. आठ दिवस दातओठ खाऊन काढले. कदाचित फाटलं नसेल, कदाचित थोडंसंच असेल, असं स्वतःला समजावत राहिली. झुलवायचा व्यायाम ती करायची. हात झुलायचा. झुलायला काही लागत नाही. नवरा आकडे मोजायचा, पण आता जोरात नाही.

सहा आठवडे उलटल्यावर झोळी निघाली. फिजिओ मुलीने तिचा हात पुढून वर नेला आणि म्हणाली, "आता थोडंसं तुम्ही धरा." हात खाली पडला. मुलीने पुन्हा केलं. पुन्हा पडला. मुलीचं हसू मावळलं.

"कधी झालं हे?"

"काय कधी झालं?"

"मावशी," मुलगी तिच्यासमोर स्टूल ओढून बसली, "मी कोणाला ओरडणार नाहीये. कधी झालं?"

मग तिने सांगितलं. सांगताना रडली नाही. सांगून झाल्यावर मुलीलाच नाक पुसावं लागलं.

दुसरा एमआरआय झाला. सर्जनने तो बराच वेळ पडद्यावर वरखाली केला. "खिळे जागच्या जागी आहेत. पट्टा मधोमध फाटलाय आणि आत ओढला गेलाय. जे उरलंय ते टाके धरणार नाही." त्याने पडदा बंद केला. "दुसरं कोणी तिथे असतं तर..."

"नव्हतं."

"पुढे कधीतरी सांधा बदलता येईल. पण तो जपून वापरायचा असतो. माणूस उचलायला नाही, बादलीसुद्धा उचलायला नाही." निघताना त्याने दार स्वतः उघडून धरलं.

घरी आल्यावर लपवण्यात अर्थ नव्हता. तिने दोघांना सांगितलं. ताई भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत उभी राहिली. मग वळून हळूच म्हणाली, "मला खरं सांग. त्या दिवशी मी खालचा पट्टा लावला होता ना? मी किती आठवायचा प्रयत्न करते, मला पाकीट शोधल्याचंच आठवतं."

त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आल्या तिने पाहिलं होतं. पट्ट्याची दोन्ही टोकं खुर्चीच्या दोन बाजूंना लोंबत होती.

"लावला होता, ताई."

"मग घसरला कसा?"

खाटेवरून नवरा म्हणाला, "मी वळवळलो असेन. लहानपणापासूनची खोड आहे माझी, तूच सांगतेस ना?"

ताईचा विश्वास बसला की नाही, देव जाणे. त्या दिवसापासून ती कोणाशी भांडली नाही, आणि घर एकदम सुनं झालं.

आठवड्याने टपालातून एक पाकीट आलं. अपंग आणि वृद्ध माणसांना ठेवून घेणाऱ्या एका संस्थेचं. अर्ज मंजूर झाल्याचं पत्र. अर्जावर अक्षर ताईचं होतं आणि सहीच्या जागी नवऱ्याचा अंगठा. तारीख तिच्या दुसऱ्या एमआरआयच्याही आधीची होती.

ती पत्र घेऊन खाटेजवळ गेली. "हे काय आहे?"

"वाचता येतं तुला."

"मला न विचारता?"

"तू मला विचारून उचललंस?"

तिने डाव्या हाताने उजवं कोपर सावरून धरलं.

"तुझा खांदा माझ्या कानाशी होता गं," तो म्हणाला. "तू ऐकलास त्याआधी मी ऐकला तो आवाज. आठ दिवस तू मला टोप्या घालत होतीस आणि मी घालून घेत होतो."

"ब्रदर येतो की सकाळ-संध्याकाळ. ताई आहेत."

"ताई चौसष्ट वर्षांची आहे. तिचेही गुडघे गेलेत, आपल्याला सांगत नाही. आणि दुपारी? पुन्हा असं झालं तर तू डावा लावशील. मग तुला जेवायलासुद्धा हात उरणार नाही."

"मी त्या दिवशी उचललं नसतं तर?"

"तर तुझा हात राहिला असता."

"आणि?"

तो छताकडे बघू लागला. तिने पत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली. मग आत जाऊन भात लावला. त्या दिवशी दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलली नाहीत, पण तिने त्याला भरवलं आणि तो जेवला.

संस्था बसने तासाभराच्या अंतरावर होती. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना सोळा-सोळा खाटा, खिडक्यांना हिरवे पडदे, फिनेलचा वास. ताईने त्याच्या सगळ्या कपड्यांवर काळ्या दोऱ्याने खाटेचा नंबर भरला होता. त्याला खाटेवर ठेवलं तेव्हा तो शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "काय हो, इथे बोलायला बंदी नाही ना?" म्हातारा ठार बहिरा होता.

ताई आपल्या घरी परत गेली. लाँड्रीच्या मालकाने तिला इस्त्रीवरून काढून खिडकीत बसवलं, कपडे घ्यायचे आणि चिठ्ठी द्यायची. बुधवारी आणि रविवारी ती बस पकडून त्याच्याकडे जायची. डाव्या हाताने दाढी करायची, त्यात त्याला हमखास दोन-तीन ठिकाणी कापायचं. तो तिला परिचारकांची आपण ठेवलेली टोपणनावं सांगायचा. एक धूमकेतू, कारण क्वचित दिसायचा. एक कासव. पहिले दोन महिने तो तिला हसवून परत पाठवायचा. तिसऱ्या महिन्यात बोलणं कमी झालं. कपाळ गरम लागायचं. विचारलं तर म्हणायचा, "इथला पंखाच गरम हवा मारतो."

एका रविवारी ती त्याच्यावर वाकली आणि तिला वास आला. तिने धूमकेतूला शोधून आणलं आणि दोघांनी मिळून त्याला कुशीवर केलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. कडा काळ्या, मध्ये खोल.

नऊ वर्षांत तिने त्याच्या पाठीवर साधा लाल डागही येऊ दिला नव्हता.

मेट्रन जाडजूड, थकलेली बाई होती. "दर दोन तासांनी कूस बदलतो आम्ही. वहीत सह्या आहेत." तिने वही पुढे केली. त्या दिवसाच्या पानावर ओळीने सह्या होत्या, एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या.

"आत्ता किती वाजलेत?" तिने विचारलं.

"अडीच."

"इथे रात्री दहाची सही आहे."

मेट्रनने वही ओढून घेतली. चिडली नाही. खुर्चीत बसून कपाळ चोळत म्हणाली, "बत्तीस माणसं आहेत. दुपारी दोनच परिचारक कामावर असतात. बत्तीस माणसं दर दोन तासांनी कशी वळवायची, तुम्हीच सांगा."

ती उठून त्याच्या खाटेकडे परत गेली.

त्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं. जखमेतला जंतू रक्तात गेला होता. ती अकरा दिवस तिथेच होती. ताईही आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. सातव्या दिवसापर्यंत तो शुद्धीवर होता. तिने केलेली वेडीवाकडी दाढी आठवून म्हणाला, "इथला न्हावी बरा आहे, पण त्याला गप्पा येत नाहीत." नंतर तोंडावर मास्क आला. अकराव्या दिवशी दुपारी तो काहीतरी बोलला. ती कान लावून ऐकत होती, पण मास्कमुळे एकही शब्द कळला नाही. लोकांनी पुढे विचारलं, शेवटी काही म्हणाले का, तेव्हा ती सांगायची, "पाणी मागितलं."

तो तीन वाजून वीस मिनिटांनी गेला.

माणसं भेटायला आली. "सुटला बिचारा," म्हणाली. एक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुझाही हात वाचला म्हणायचं." ताई तिथेच होती. तिने त्या बाईला चहाही न देता वाटेला लावलं. नंतर ताईने आपल्या गोल, शाळेतल्या अक्षरात संस्थेविरुद्ध तक्रार लिहिली, वहीतल्या सह्यांसकट. दोन महिन्यांनी उत्तर आलं की चौकशी सुरू आहे.

दुखणं मात्र खरंच कमी झालं. ते तिला मान्य करायला जड गेलं. आधी सकाळी उठल्यावर खांदा ठणकत नाही हे ध्यानात आलं, मग एक दिवस उजव्या हाताने कंगवा कानाच्या वरपर्यंत गेला. ती कंगवा तसाच धरून आरशासमोर उभी राहिली, आणि मग तिने तो आदळला.

फिजिओला जाणं तिने सोडलं नाही. का सोडलं नाही हे तिलाही सांगता आलं नसतं. भिंतीवर बोटांनी चढायचं, काठी धरून हात वर न्यायचा, रबराचा पट्टा ओढायचा. फाटलेला पट्टा जुळणार नव्हताच, पण उरलेले स्नायू थोडं त्याचं काम शिकतात, असं मुलगी म्हणायची. एका सकाळी मुलीने हाताचा कोन मोजायची मोजपट्टी लावली आणि तिचे डोळे चमकले.

"मावशी, नव्वदच्या वर गेलाय! मागच्या खेपेला साठ होता. काय केलंत?"

"काही नाही," ती म्हणाली. "आता काही करायला लागत नाही ना. म्हणून."

मुलीला आपण काय विचारून बसलो ते उमगलं आणि ती मोजपट्टीची उघडझाप करत राहिली. "लिहू का?" तिने शेवटी विचारलं.

"लिही. तुझं काम आहे ते."

मुलीने कार्डावर आकडा लिहिला, खाली तारीख घातली. पुढच्या महिन्याची वेळ दिली. तिने कार्ड पिशवीत टाकलं, डाव्या हाताने उजवी बाही सारखी केली आणि बाहेर आली. दवाखान्याच्या दारात एक रुग्णवाहिका उभी होती आणि दोन माणसं कोणाला तरी स्ट्रेचरवरून उतरवत होती. ती बाजूला झाली, त्यांना वाट करून दिली आणि लाँड्रीची खिडकी उघडायची वेळ झाली होती म्हणून भराभर चालू लागली.